सिल्वरटनला एक दिवस जायचंय? मग हे वाचून निघा

जुलैच्या शाळेच्या सुट्ट्या जवळ आल्या की अ‍ॅडलेडमधल्या ओळखीच्यांपैकी कुणाचा तरी फोन येतोच, "अरे ते आउटबॅक बघायचंय, उलुरूचं बजेट नाही, जवळपास काय आहे?" आउटबॅक म्हणजे ऑस्ट्रेलियाचा आतला कोरडा, ओसाड भाग, आणि उलुरू म्हणजे त्यातला तो प्रसिद्ध लाल खडक. मी दरवेळी एकच सांगतो, ब्रोकन हिलला जा, दोन रात्री रहा आणि मधला अख्खा दिवस सिल्वरटनला द्या. त्यातले निम्मे जातात, आणि गेलेल्यांतले निम्मे परत येऊन म्हणतात, "छान होतं रे, पण आहे काय तिथे, तासाभरात संपलं." चूक त्यांची नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की हे गाव बघायला म्हणून जे आहे त्यापेक्षा जे उरलेलं नाही तेच जास्त आहे, आणि ते बघायचं तर दिवस जरा क्रमानं लावावा लागतो. मी तीनदा गेलोय, त्यातली पहिली ट्रिप पार फसली होती, म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी जागा समजून घ्या. ब्रोकन हिल न्यू साउथ वेल्सच्या पार पश्चिम टोकाला, सिडनीपासून साधारण ११५० किलोमीटर आणि अ‍ॅडलेडपासून ५१५ च्या आसपास, म्हणजे राज्य सिडनीचं पण खरं शेजार अ‍ॅडलेडचं. १८८३ मध्ये चार्ल्स रॅस्प नावाच्या माणसाला, जो तिथल्या मेंढ्यांच्या रानावर कुंपण बघत फिरायचा, एका काळपट तुटक्या टेकडीवर दगड वेगळे वाटले. त्याला वाटलं कथील आहे. निघालं शिसं, चांदी आणि जस्त, तेही जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक. सात जणांनी पैसे घालून भागी केली आणि १८८५ मध्ये कंपनी काढली ती ब्रोकन हिल प्रोप्रायटरी, म्हणजेच आज शेअर बाजारात आपण ज्याला बीएचपी म्हणतो ती. गावातल्या रस्त्यांची नावं वाचलीत तर दहावीचं रसायनशास्त्र आठवेल, आर्जेंट स्ट्रीट, ऑक्साइड स्ट्रीट, क्लोराइड, सल्फाइड, आयोडाइड.

पण ब्रोकन हिल सापडायच्या आधी भागातलं चांदीचं गाव होतं सिल्वरटन, तिथून पंचवीस किलोमीटरवर. १८८० च्या दशकाच्या मध्यावर तिथे तीन हजारांच्या आसपास वस्ती होती. मग ब्रोकन हिलचा साठा एवढा मोठा निघाला की लोक तिकडे निघाले, आणि नुसते निघाले नाहीत, घरंही घेऊन गेले. लाकूड आणि पत्र्याची घरं होती, खोलली, गाड्यांवर चढवली आणि तिकडे परत उभी केली. आज सिल्वरटनमध्ये राहणारे पन्नासेक असतील. म्हणून तिथे दोन इमारतींच्या मधे जो भलामोठा रिकामा पट्टा दिसतो ना, तिथे काहीतरी होतं. हे डोक्यात ठेवून फिरलात की गाव तासाभरात संपत नाही.

आता तयारी.

पहिली गोष्ट, अ‍ॅडलेडहून एका दिवसात जाऊन येणार असं डोक्यातही आणू नका, जायलाच सहा तास जातात. आदल्या दिवशी दुपारपर्यंत ब्रोकन हिल गाठा, मोटेल घ्या, पेट्रोल फुल करा, आणि सुपरमार्केट बंद व्हायच्या आत पाणी घ्या, माणशी चार लिटर धरा, अर्धं परत आलं तरी चालेल. सिडनीहून आठवड्यातून एकदा ट्रेनही येते, तेरा-चौदा तास लागतात, खिडकीतून बघायला मजा आहे पण मग इथे भाड्याची गाडी घ्यावीच लागेल, कारण सिल्वरटनला बस-बिस काही जात नाही. नाहीतर लोकल टूर. भाड्याची गाडी घेतलीत तर करारात एक ओळ शोधा, कच्च्या रस्त्यावर चालवायला परवानगी आहे का नाही. सिल्वरटनपर्यंतचा रस्ता डांबरी आहे, साधी कोरोला मजेत जाते, पण सकाळी मी जिथे पाठवणार आहे तिथला फाटा मातीचा आहे, आणि परवानगी नसताना तिथे काच फुटली तर इन्शुरन्सवाले हात वर करतात.

दुसरी गोष्ट घड्याळ. ब्रोकन हिल सिडनीच्या राज्यात असूनही वेळ अ‍ॅडलेडची पाळतं, म्हणजे सिडनीच्या अर्धा तास मागे. अ‍ॅडलेडवाल्यांना काही फरक नाही, पण सिडनी-मेलबर्नहून येणाऱ्यांची गंमत होते. माझा एक मित्र सिडनीहून गाडीनं आला, मनगटावरचं घड्याळ तसंच ठेवलं आणि खाणीच्या टूरला अर्धा तास आधी जाऊन बसला, सगळ्या माश्या अंगावर घेत. आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी वेळेआधी पोचला बिचारा. आपल्याला यात एक सोय आहे, इथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास, इथली वेळ भारताच्या बरोब्बर चार तास पुढे असते, तीस मिनिटांचं लफडं नाही, त्यामुळे घरी फोन कधी करायचा हे बोटांवर मोजता येतं. उन्हाळ्यात पाच तास.

कधी जायचं? मे ते सप्टेंबर, बास. जानेवारीत पारा चाळीसच्या वर जातो आणि तेव्हा या गावात सावली म्हणजे पबचा व्हरांडा. ऑगस्टमध्ये सिल्वरटनपलीकडच्या मुंडी मुंडीच्या माळावर मोठा संगीत महोत्सव भरतो, हजारो लोक कॅरॅव्हॅन घेऊन येतात, तो हवा असेल तर तिकीट काढूनच जा आणि नको असेल तर तो आठवडा टाळा, मोटेल मिळणार नाही. हिवाळ्यात दिवसा छान ऊन असतं पण सकाळी आणि सूर्य बुडाल्यावर हाडं गोठतात, जाड जॅकेट पाहिजेच, "वाळवंट आहे म्हणजे गरम असेल" हा आमच्या आईचा हिशोब होता आणि संध्याकाळी ती गाडीतली चादर गुंडाळून उभी होती.

डबा घरचा न्या. पबमध्ये जेवण मिळतं, बटाट्याच्या चिप्स नक्की मिळतात, पण शाकाहारी माणसानं त्याच्या जिवावर दिवस काढू नये. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दही आणि लिंबाचं सरबत नेलं होतं. चिवडा नेऊ नका, का ते पुढे सांगतो. टोपी, सनस्क्रीन, आणि टोपीवरून घालायची माश्यांची जाळी, जी गावात चार-पाच डॉलरला मिळते आणि जी घालायला पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना लाज वाटते, अकराव्या मिनिटाला कुणालाच वाटत नाही. फोन टेल्स्ट्राचा असेल तर बरं, बाकीच्यांचं नेटवर्क ब्रोकन हिलबाहेर पडलं की कधी जाईल सांगता येत नाही, मॅप आधीच डाउनलोड करा.

आता दिवस. मोटेलमधून साडेआठला निघा, त्याआधी नको. हिवाळ्यात सूर्य सातनंतर वर येतो आणि पहाटे-संध्याकाळी रस्त्यावर कांगारू असतात, ते गाडीसमोर अगदी ऐनवेळी उडी मारतात, असा माझा अनुभव आहे आणि माझ्या बंपरचाही.

सिल्वरटन रोडला लागलात की पहिल्यांदा लक्षात येतील ते खड्डे, म्हणजे तसले खड्डे नाहीत, रस्ताच खाली जाऊन वर येतो. ओढ्यांवर पूल न बांधता रस्ता ओढ्यातूनच नेलाय. एरवी कोरडे ठणठणीत असतात आणि मागच्या सीटवरच्या पोरांना जत्रेतल्या पाळण्याची मजा येते, पण आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर आधी मोटेलवाल्याला विचारा. एखाद्या ठिकाणी पाणी वाहताना दिसलं तर सरळ मागे फिरा, खोली किती याचा अंदाज काठावरून येत नाही. कच्चे रस्ते पावसानंतर बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर चांगला दणकून दंड होतो.

रस्त्यावर मेलेला कांगारू दिसला तर वेग कमी करा, कारण त्यावर बहुतेक वेळा मोठा गरुड बसलेला असतो. एवढं धूड, त्याला उडायला वेळ लागतो.

सकाळची जागा म्हणजे डेड्रीम माइन. सिल्वरटनच्या अलीकडे पाटी लागते, फाट्यावरून मातीचा रस्ता. ही १८८२ ची खाण आहे, म्हणजे ब्रोकन हिलच्याही आधीची, आणि आता फक्त दाखवायला ठेवलीय. टूर सकाळीच असतात आणि वेळा सीझनप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि मगच जा. बंद बूट लागतात, सँडल-चपला घालून आत सोडत नाहीत. डोक्यावर हेल्मेट, त्यावर दिवा आणि कमरेला बॅटरी बांधून खाली नेतात. छत इतकं बुटकं आहे की साडेपाच फुटांचा माणूसही वाकून चालतो, माझं हेल्मेट तर टकाटक आपटत होतं आणि प्रत्येक आपटीला मी मनातल्या मनात हेल्मेट सक्तीचं करणाऱ्याला नमस्कार करत होतो. एका वळणावर गाइड सगळ्यांना दिवे बंद करायला सांगते आणि मग एक मेणबत्ती पेटवते. त्या मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवरचे छिन्नीचे वण दिसतात, हातानं मारलेले, एकेक बोटभर लांब. मग ती सांगते की आठ-दहा वर्षांची पोरंसुद्धा इथे कामाला होती. माझा मुलगा तेव्हा नऊचा, त्यानं नुसतं आपलं हेल्मेट घट्ट केलं.

गुडघे दुखत असतील, दमा असेल किंवा बंद जागेची भीती वाटत असेल तर खाली जाऊ नका, हे मी सरळच सांगतो, उतार आणि पायऱ्या दोन्ही कठीण आहेत आणि अर्ध्यातून परत फिरणं म्हणजे सगळ्यांनाच अडचण. आमचे बाबा सत्तरीचे, हट्टानं उतरले आणि वर आल्यावर दोन दिवस पेनकिलर. आई शहाणी, वरच बसली. वर चहा आणि ताजे स्कोन मिळतात, जॅम-क्रीम लावून, आणि आम्ही धुळीनं माखून बाहेर आलो तेव्हा ती दुसरा संपवत होती आणि कृती विचारून मोकळी झाली होती.

आणि हो, खाणीच्या आसपास पायवाट सोडून भटकू नका. या सगळ्या भागात जुनी भोकं आहेत, काहींना कुंपण नाही, आणि फोटो काढताना मागे मागे सरकायची सवय आपल्याकडे फार. दुसरं, इथल्या मातीत शिसं आहे. ब्रोकन हिलमध्ये लहान पोरांच्या रक्तातलं शिसं नियमित तपासतात, इतका तो नेहमीचा विषय आहे. एका दिवसात काही होत नाही, घाबरू नका, पण खायच्या आधी हात साबणानं धुवा, आणि पोरांनी खिशात भरलेले चमकणारे दगड तिथेच टाकून या.

साधारण बारापर्यंत सिल्वरटनमध्ये. गाडी कुठेही लावा, पार्किंगचा प्रश्न हा शब्दच इथे कुणी ऐकलेला नाही. आणि काचा वर करा. गावात गाढवं मोकळी फिरतात, आपापल्या मर्जीनं, आणि पर्यटकाची गाडी म्हणजे डबा हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. माझ्या बायकोनं चिवड्याचं पाकीट मांडीवर उघडं ठेवून काच अर्धी खाली केली होती, तर एक करडं गाढव आलं आणि खांद्यापर्यंत आत. पाकीट गेलं, त्यातला कढीपत्ता तेवढा बाहेर थुंकला, आणि मग पुढची दहा मिनिटं ते काचेवर जीभ फिरवत उभं होतं, काचेवर हळदीचा पिवळा फराटा. प्रेम वाटलं तरी खायला घालू नका.

आधी जेवून घ्या, मग तुरुंग बघा. जुन्या तुरुंगाचं म्युझियम केलंय आणि गावातली बघण्यासारखी सगळ्यात चांगली जागा तीच, एकेका कोठडीत त्या काळच्या लोकांचं सामान कोंबून ठेवलंय, शिवणयंत्रं, बाटल्या, लग्नाचे फोटो, खाणकामगारांचे डबे. एक तास तरी द्या. मग जुनी शाळा. तिथे उभं राहून खिशातली दहा डॉलरची नोट काढा, तिच्यावर ज्या बाईंचा फोटो आहे त्या मेरी गिलमोर, कवयित्री, त्या तरुणपणी १८८० च्या दशकाच्या शेवटी याच गावात मास्तरीण होत्या. पोरांना हे फार आवडतं. अर्थात नोट असेल तर, आजकाल कुणाकडे कॅशच नसते, आणि इथे तरी थोडी कॅश ठेवा, लहान गावात कार्डाचं मशीन कधी रुसेल सांगता येत नाही.

मग नुसतं चाला. चर्चपासून पबपर्यंत, रस्ता म्हणजे माती आणि बारीक खडी. मधे रेल्वेच्या खुणा दिसतील. ती गोष्ट मला सगळ्यात मजेशीर वाटते. सिडनीचं सरकार एवढ्या लांब रूळ टाकायला तयार नव्हतं, साउथ ऑस्ट्रेलियानं आपले रूळ हद्दीपर्यंत आणून ठेवले, मग मधला तुकडा एका खासगी कंपनीनं १८८८ मध्ये बांधला आणि नाव दिलं सिल्वरटन ट्रामवे. ट्राम वगैरे काही नाही, चांगली वाफेची मालगाडी, खनिज वाहायची. १९७० मध्ये नवीन मोठी लाइन झाली ती सिल्वरटनला बगल देऊन, आणि गावाचं उरलंसुरलं कामही गेलं.

पबबाहेर एक काळी गाडी उभी असते, ती मॅड मॅक्स २ मधल्या गाडीची नक्कल. १९८१ मध्ये त्या सिनेमाचं शूटिंग याच भागात झालं आणि त्याचं वेगळं म्युझियमही गावात आहे, एका इंग्लिश चाहत्यानं फक्त त्या सिनेमापायी देश सोडून इथे येऊन उभारलेलं. सिनेमा बघितला नसेल तर पैसे वाचवा, बघितला असेल तर मी नको म्हणून तुम्ही थांबणार नाही. आर्ट गॅलऱ्याही आहेत, रंगवलेल्या जुन्या फोक्सवॅगन बीटल दिसतील. एखादं छोटं चित्र किंवा पोस्टकार्ड घ्या, गावाचं पोट आता यावरच आहे.

पबच्या व्हरांड्यात तीन वाजता कोकाकोला घेऊन बसा. माश्या, वारा, लांबवर पत्रा वाजतोय, बास. आमचे बाबा सांगोल्याकडचे, दुष्काळी भागातले, ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "एवढी जमीन, आणि एक बांध नाही." मग जरा थांबून, "भांडायला शेजारीच नाही म्हणा."

चारला पुढे निघा. गावाच्या पलीकडे पाचेक किलोमीटरवर मुंडी मुंडी लुकआउट. तोपर्यंत रस्ता टेकड्यांमधून जातो, डोंगरधारेवर पवनचक्क्या दिसतात, अठ्ठावन्न आहेत, आणि मग एक चढ संपतो आणि समोर एकदम काहीच नाही. सपाट माळ, क्षितिजापर्यंत. झाड नाही, घर नाही, एक रस्ता सरळ रेघ मारल्यासारखा जातो आणि संपताना दिसत नाही. पृथ्वी गोल असल्याचं इथे दिसतं असं लोक म्हणतात, मला काही दिसलं नाही, पण डोळ्यांना अडवायला काहीच नसलं की माणसं आपोआप हळू बोलतात हे मात्र बघितलं.

आता खरा प्रश्न, सूर्यास्त बघायचा की नाही. लुकआउट पश्चिमेला तोंड करून आहे, जुलैत सव्वापाचच्या सुमारास सूर्य त्या माळात बुडतो, आणि तो बघितल्याशिवाय येणं म्हणजे पंढरपुरापर्यंत जाऊन कळस बघून परतणं. पण मग परतीचे तीस किलोमीटर नेमके कांगारूंच्या वेळेला. माझ्या पहिल्या ट्रिपला मी सूर्यास्त बघितला, अंधार पडेपर्यंत फोटो काढत बसलो, मग थंडी वाजली म्हणून शंभरनं गाडी हाणली आणि एका ओढ्यातून वर येताना कांगारू बंपरवर. तो उठून गेला, बंपर गेलं, रेडिएटर गळायला लागला, फोनला रेंज नाही, मागून येणाऱ्या एका जोडप्यानं गावात सोडलं. टोइंगचं बिल सांगत नाही. तेव्हा माझा सल्ला असा, सूर्यास्त बघा, पण सूर्याची कड टेकली की पाच मिनिटांत गाडीत बसा, उजेड अजून अर्धा तास असतो, आणि साठच्या वर जाऊ नका. मागे कुणी हॉर्न दिला तर बाजूला घेऊन जाऊ द्या. कांगारू आला तर ब्रेक सरळ दाबा, स्टिअरिंग फिरवू नका, गाड्या उलटतात त्या फिरवल्यामुळे. रात्री चालवायची भीती वाटत असेल तर पावणेपाचला निघा आणि सूर्यास्त दुसऱ्या दिवशी ब्रोकन हिलजवळच्या लिव्हिंग डेझर्टच्या टेकडीवर बघा, तिथे १९९३ मध्ये वालुकाश्मात कोरलेली बारा शिल्पं आहेत, तोही वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी दोन तास असतील तर खाणकामगारांच्या स्मारकावर जा, शहराच्या मधोमध खाणीतल्या दगडमातीचा जो ढीग उभा आहे त्यावर, आठशेच्या वर नावं आहेत आणि प्रत्येकापुढे कशानं गेला ते लिहिलंय. आणि पूर्वी इथे उंटांवरून माल वाहणाऱ्या उंटवाल्यांची पत्र्याची छोटी मशीद उघडी असेल तर नक्की. इथे सगळे त्यांना अफगाण म्हणत, पण त्यात बलुचिस्तान, पेशावर, पंजाबकडचे, म्हणजे त्या वेळच्या हिंदुस्थानातले बरेच होते.

अ‍ॅडलेडला परतताना एकच लक्षात ठेवा, साउथ ऑस्ट्रेलियात शिरल्यावर ऊडला विरा इथे गाडी तपासतात, फळं आणि भाज्या आत नेता येत नाहीत, फळमाशीमुळे. संत्री, टोमॅटो, मिरच्या, सगळं टाकावं लागतं, लपवलं तर दंड. पहिल्या वेळी आमच्या डझनभर लिंबांची अशी विल्हेवाट लागली आणि आई अ‍ॅडलेड येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. पुढच्या ट्रिपला निघायच्या सकाळी मी मोटेलच्या खोलीत आलो तर ती बेसिनपाशी उभी राहून उरलेली सगळी लिंबं एका पाण्याच्या बाटलीत पिळत होती, वर साखर-मीठ. तपासणीवाल्यानं बाटली उचलून बघितली, काय आहे विचारलं, आई मराठीतच म्हणाली "सरबत," आणि त्यानं जायची खूण केली.